फळीतलं गाणं

डिसेंबर अर्धा झाला की पुनावळ्याच्या या उंच इमारतीत सकाळचा वारा बदलतो. गॅलरीच्या कठड्याला हात लावावा तर बोटं बधिर होतात. खाली हिंजवडीकडे निघालेल्या गाड्यांची रांग, तिच्यावर धुक्याचा पातळ पडदा, आणि मी शाल गुंडाळून, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून उभी. या मुलखात आता फक्त थंडीच तेवढी ओळखीची उरली आहे. ती आली की मला घरचं माणूस आल्यासारखं वाटतं.

यंदाच्या थंडीत माझी नात ईशा मोबाइलमध्ये डोकं घालून बसली आहे. तिला इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आहे. गिटारीपेक्षा जास्त काथ्याकूट चाललाय तो तिच्या अॅम्पचा, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीचा. तो लहान हवा, घरात वाजवण्यापुरता हवा, त्याला हेडफोन लागायला हवा, कारण आमच्या सोसायटीत दुपारी कुणी भिंतीत खिळा ठोकला तरी निरोप येतो. ती वाचून दाखवते, तिचा बाबा मान डोलावतो, आणि दोघांनाही वाटतं की आजीला यातलं काही कळत नसणार. परवा मी सहज विचारलं, "पोटाची घेणार आहेस की बिनपोटाची?"

ईशाने मोबाइल खाली ठेवला. तिला वाटलं, आजीचं काहीतरी बिनसलं.

मग मला त्या दोघांना ती एक थंडी सांगावी लागली. सांगताना इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि पाणी पुसताना लक्षात आलं की ते सगळंच हसण्याचं नव्हतं.

माझं लग्न झालं ते पन्नास सालानंतरच्या दशकात, पिंपरीत औषधांचा कारखाना उभा राहिला त्या सुमाराला. हे कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले होते. घरचे मूळचे थेरगावचे, पवनेकाठी शेती असलेले. पण नोकरीबरोबर कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं, त्यात विजेचा दिवा होता, नळ होता, आणि यांच्या मनात आपल्या आईला तिथं आणायचं होतं. धाकटा दीर शेती बघायचा. सासूबाई आधी नको म्हणाल्या, मग आल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे, त्यांच्या घरातली तशी रीतच होती.

मी पुण्यातली, रास्ता पेठेत वाढलेली. वडील रेल्वेत कारकून. शाळेत असताना एका बाईंकडे हवाईयन गिटार शिकले. आताची मुलं छातीशी धरून वाजवतात ती नव्हे. ही मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली गुळगुळीत पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारत नाही, घसरत जातो. त्या काळी रेडिओवर ही गिटार लागली की माणसं काम थांबवायची. लग्नात भांड्यांबरोबर, साड्यांबरोबर माझी गिटारही पिंपरीला आली. हे मला बघायला आले तेव्हाच यांनी ती ऐकली होती, आणि पोहे तसेच ठेवून ऐकत बसले होते, असं माझी आई पुढं कितीतरी वर्षं सांगायची.

कॉलनी तेव्हा माळावर मांडून ठेवल्यासारखी दिसायची. शेवटच्या दिव्याच्या खांबापलीकडे लगेच शेतं लागायची. सकाळी नदीकडून धुकं चालत यायचं ते थेट नळापर्यंत. वारा फिरला की कारखान्याकडून आंबूस वास यायचा, ताक फार दिवस राहिल्यासारखा. पहिले काही दिवस तो नकोसा वाटला, मग त्याच्यावरून मला उद्या हवा कशी असेल ते कळायला लागलं. भोंगा झाला की घड्याळ बघायची गरज नसे. आणि भिंती एका विटेच्या. शेजारच्या राणेवहिनींनी फोडणी दिली की आमच्याकडे शिंक यायची.

अडचण त्या भिंतीचीच होती. राणेभावोजी मालवणकडचे, कारखान्यात बॉयलरवर, आणि त्यांना बहुतेक रात्रपाळी असायची. म्हणजे ते दिवसा झोपणार. माझं काम उरकायचं दुपारी, आणि गिटार काढावी तर तिच्या पोकळ पोटातून आवाज असा निघायचा, की मधली भिंत नसल्यासारखाच. एक दिवस भावोजी दारात आले. डोळे लाल, अंगावर पांघरूण तसंच. अतिशय नम्रपणे म्हणाले, वहिनी, वाजवता छान, पण काल मला बॉयलरसमोर डुलकी लागली. एवढंच बोलून ते गेले. बॉयलरसमोर डुलकी म्हणजे काय ते मला कळत होतं. त्याच संध्याकाळी मी गिटारीला गवसणी चढवली आणि ती कपाटावर ठेवून दिली.

त्याचं दुःख झालं, पण त्याहून मोठी गोष्ट निराळीच होती. घरात दिवसभर आम्ही दोघी. हे सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे. आणि आत्याबाईंना ऐकू येत नव्हतं. तरुणपणी मोठा ताप आला, त्यातून उठल्या त्या कान घालवूनच. हे कानाशी तोंड नेऊन ओरडले तर थोडं कळायचं. मी नवी सून, सासूच्या कानात ओरडणार कशी? मग मी खुणा करायचे आणि त्या मान हलवायच्या. मीठ हवं असलं की मीठ दाखवायचं. त्या स्वतः बोलायच्या ते दूर बांधावरच्या माणसाला हाक मारल्यासारखं, कारण आपला आवाज त्यांनाच पोचत नव्हता. राणेवहिनी म्हणायच्या की हसण्यावारी न्यावं. पण मला त्यांच्या त्या आवाजाची भीती वाटायची. प्रेमाने बोलल्या तरी रागावल्यासारख्या वाटायच्या. काही दिवसांनी त्यांनी बोलणंच कमी केलं. दोघी एकाच चुलीपुढं बसायचो, आणि आमच्यात सगळा दिवस न बोलता जायचा.

यांना गवसणी दिसली. मग एका रविवारी सकाळी म्हणाले, "चल, पुण्याला जाऊ. विजेवरची गिटार बघू."

मला वाटलं हे थट्टा करतायत. साधीच गिटार एवढी वाजते, तर विजेवरची किती वाजेल? पण कारखान्यात कुणीतरी यांना सांगितलं होतं की विजेवरच्या गिटारीला पोट नसतं. नुसती लाकडाची भरीव फळी. तारा छेडल्या तर शेजारी बसलेल्यालाच जेमतेम कुजबुज ऐकू येते. आवाज होतो तो वायरीतून पुढं पेटीत गेल्यावर, आणि पेटीचा कान, म्हणजे आवाजाचं बटण, आपल्या हातात. मी बसमध्ये सगळा रस्ता यावर विचार करत होते. म्हणजे मोठ्या आवाजासाठी केलेली वस्तू आपण गप्प राहण्यासाठी विकत घ्यायची.

पुण्याच्या लष्कर भागातलं ते दुकान अजून डोळ्यांपुढं आहे. वार्निशचा वास, भिंतीला टांगलेली व्हायोलिनं, आणि काउंटरमागे जाड भिंगांचे गृहस्थ. त्यांनी आमच्यापुढं दोन गिटारी मांडल्या. एक परदेशी, पांढरी, चंदेरी पट्टी लावलेली. तिच्याकडे बघूनच हात मागे घ्यावासा वाटला. दुसरी कलकत्त्याला घडवलेली, काळपट तपकिरी, आमच्या पोळपाटाच्याच जातीची वाटावी अशी. मी दोन्ही मांडीवर घेऊन बघितल्या. पांढरी थंड आणि जड होती, ती माझ्या मांडीवर पाहुण्यासारखी बसली. तपकिरी ठेवली आणि डावा हात आपोआप तारांवर गेला. यांनी माझा चेहरा बघितला आणि पांढरी परत द्यायला सांगितली.

मग आल्या पेट्या. दुकानदाराने अभिमानाने एक थोरली पेटी पुढं सरकवली. मांडवात ठेवली तर वरात ऐकेल म्हणाले. हे म्हणाले, आम्हाला सर्वात कमी आवाजाची दाखवा. गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. इतक्या वर्षांत असं गिऱ्हाईक आलं नव्हतं. कोपऱ्यातून त्यांनी एक छोटी पेटी काढली, डब्याएवढी, वर पितळी मूठ, आत रेडिओत असतात तसे दोन-तीन लुकलुकणारे व्हॉल्व्ह. मी वाजवायला बसले आणि हे दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. तिथून हाताने खूण केली, ऐकू येतंय. मी बटण मागे फिरवलं. तरी ऐकू येतंय. मग ते रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेले आणि तिथून मान हलवली, अजून येतंय. रस्त्यावर माणसं थांबून या टोपीवाल्या गृहस्थाकडे बघायला लागली.

तोडगा काढला तो दुकानाच्या मागच्या खोलीत रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने. ते पूर्वी सैन्यात वायरलेसवर होते. त्यांनी लष्करी सामानाच्या लिलावातून आलेले कानाला लावायचे जुने फोन काढले, काळे, जड, वर कातडी पट्टा. पेटीच्या मागे एक खोबण केली. फोन तिथं खोचला की पेटीचं तोंड बंद आणि सगळा आवाज कानात. पहिल्यांदा कुठंतरी चुकलं आणि माझ्या कानात नुसता भ्रमर घोंगावला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मी कांडी फिरवली आणि सूर माझ्या डोक्याच्या आत उजाडला. मी डोळे उघडले तेव्हा दुकानातले तिघं माझ्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांना काहीही ऐकू येत नव्हतं.

माझी पोटाची गिटार आम्ही बदल्यात तिथंच दिली. दुकानदाराने ती भिंतीला टांगली. बाहेर पडताना मी वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर परत घरी आणली असती.

कॉलनीत बातमी आमच्या आधी पोचली होती. राणेवहिनींनी नळावर सांगितलं होतं की आता विजेवर वाजणार, म्हणजे मेलीच झोप. दुसऱ्या दिवशी दुपारी चार-पाच जणी आमच्या दारात. मी पेटी लावली, फोन कानाला अडकवला, वाजवायला लागले. बायका वाट बघत राहिल्या. शेवटी राणेवहिनींनी माझ्या खांद्याला हात लावून विचारलं, "सुरू कधी करतलास?" मी म्हटलं, वाजवून झालं. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला हसू आवरेना. भांडायला आल्या होत्या आणि हाती काहीच लागलं नव्हतं.

ती थंडी मग माझी झाली. दुपारचं ऊन दारातून आत तिरकं यायचं, मी उन्हात पाय सोडून बसायचे, पलीकडे भावोजी निवांत घोरायचे, आणि माझ्या कानांत सूर वरून खाली, खालून वर घसरत असायचे. थेरगावहून दीर हरभऱ्याची जुडी आणून टाकायचा. बाहेर कुणाच्या तरी शेतात हुरडा भाजल्याचा वास यायचा. एवढं सुख आणि त्याचा कुणाला पत्ता नाही, याचीही एक गंमत होती. ईशाला हेडफोन लावून डोळे मिटून बसलेली बघते तेव्हा मी तिला हाक मारत नाही. मला ठाऊक असतं ती कुठं आहे ते.

पण आत्याबाईंना काय दिसत होतं? सून रोज दुपारी कानांवर काळ्या वाट्या बांधते, मांडीवर फळी घेते आणि लोखंडाच्या तुकड्याने ती घासत बसते. सुतार रंधा मारतो तशी. त्यांनी काही दिवस बघितलं. मग एकदा भर नळावर त्यांचा तो बांधावरचा आवाज चढला, की आमची सून फळी घासती, दिसभर घासती, आजून गुळगुळीत झाली न्हाई. सगळा नळ हसला. मला राग आला आणि रडूही आलं. संध्याकाळी यांना म्हटलं की तुमच्या आईंना समजावून सांगा. यांनी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, ते गाणं आहे. त्यांनी लेकाकडे असं बघितलं, जणू बायकोपायी पोरगा खोटं बोलायला लागला.

पौषातली एक दुपार होती. आत्याबाई सुपात हरभरे सोलत माझ्यासमोर बसल्या होत्या. मी वाजवत होते. त्या उठल्या, जवळ आल्या, वाकल्या आणि आपला तळवा त्यांनी सरळ फळीवर ठेवला. जमीन ओली आहे का बघावं तसा. मी थांबले नाही. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"थरथरतीया ही," त्या म्हणाल्या. "जित्ती हाय जनू."

मला काय वाटलं कोण जाणे. मी फोन काढला आणि त्यांच्या डोक्यावर चढवला, पदराच्या वरूनच. त्यांनी प्रतिकार केला नाही, लहान मुलगी वेणी घालून घेते तशा बसून राहिल्या. मी तार छेडली. काही नाही. पेटीचं बटण पुढं फिरवलं, पुन्हा छेडली. त्यांनी कानाशी हात नेला, माशी हाकलावी तसा. मी बटण आणखी फिरवलं, जिथवर मी स्वतः कधी नेलं नव्हतं तिथवर, आणि कांडी खालून वर सावकाश सरकवली.

आत्याबाईंच्या हातातला हरभरा खाली पडला. त्या हलल्या नाहीत. डोळे मात्र खोलीभर फिरायला लागले, कोपरे, छप्पर, दार, जणू आवाज कुठून आत आला ते शोधत होते. मग ते माझ्या हातावर येऊन थांबले. मी कांडी वर नेली की त्यांची हनुवटी वर व्हायची, खाली आणली की खाली. त्यांना कळलं होतं. मी किती वेळ वाजवत राहिले ते सांगता येणार नाही. थांबले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं आणि परत तारांवर ठेवलं.

हे घरी आले तेव्हा त्यांना दिसलं ते असं: आई फोन लावून भिंतीला टेकलेली, चूल थंड, आणि बायको वाजवतेय. ते दारातच पायरीवर बसले. बराच वेळ बूट सोडत राहिले. पुढं त्यांनी आत्याबाईंना पुण्याच्या डॉक्टरांना दाखवलं. एका कानात जीव आहे, आवाज पुरेसा मोठा आणि जवळ असला तर पोचतो, असं त्यांनी सांगितलं. आम्हाला ते आधीच कळलं होतं.

त्यानंतर आमच्यात बोलणं सुरू झालं. मी वाजवायचे आणि त्या बोलायच्या. त्यांनी मला जात्यावरच्या ओवीची एक चाल शिकवली. त्यांच्या आईची होती, त्यांच्या माहेरच्या गल्लीत सगळ्या बाया तीच म्हणायच्या. त्या एक ओळ म्हणायच्या, स्वर बाजूला पडलेला असायचा, इतक्या वर्षांत त्यांनी तो स्वतः ऐकलाच नव्हता. मी अंदाजाने तारांवर शोधायचे. त्या मान हलवायच्या, असं न्हाई. पुन्हा शोधायचे. ओवीचा सूरही घसरतच जातो, उड्या मारत नाही. ही गिटार सातासमुद्रापलीकडच्या कुठल्या बेटावर जन्मली असेल ती असो, त्या चालीसाठी मला दुसरं वाद्य सुचलं नसतं. एका दुपारी कांडी नेमकी त्या जागेवर जाऊन थांबली आणि आत्याबाईंनी दोन्ही हात माझ्या गालांवर ठेवले. त्यांच्या बोटांना हरभऱ्याचा आंबट वास होता.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी तिळगुळाचा पाक उतरवून वाजवायला बसले. आत्याबाईंनी फोन लावला. मी त्यांची चाल धरली. पहिल्या ओळीला त्या नुसत्या डोलल्या. दुसऱ्या ओळीला त्यांनी डोळे मिटले आणि गायला लागल्या.

कानांत एवढा मोठा आवाज चाललेला, त्यात आपला आवाज मिसळायचा म्हणून त्यांनी सगळी छाती लावली. या खेपेला स्वर जागेवर होता. त्यांना धरायला तार मिळाली होती. आणि तो आवाज, बांधावरून पलीकडच्या शिवाराला हाक मारणारा, एका विटेच्या भिंतीतून, पत्र्यातून, उघड्या दारातून क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीत गेला. लोकांना गिटार ऐकू येत नव्हती. त्यांना ऐकू येत होती एकटी म्हातारी, भर दुपारी, गळा मोकळा सोडून जात्याची ओवी म्हणणारी. मी घाबरून बटण मागे घ्यायला हात नेला, पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि हात परत तारांवर आणला.

नळावरच्या बायका आल्या. राणेवहिनी हातातलं पीठ तसंच घेऊन आल्या. त्यांच्या मागून पांघरूण ओढत राणेभावोजी आले, डोळे लाल, केस उभे. ते उंबऱ्याशी थांबले, आत बघितलं, त्या काळ्या वाट्या, तो पदर, ते मिटलेले डोळे. मग हळूच खाली बसले आणि भिंतीला डोकं टेकलं.

ओवी संपली. आत्याबाईंनी डोळे उघडले. दार माणसांनी भरलेलं होतं आणि पुढ्यात रात्रपाळीचे राणेभावोजी बसलेले. त्यांनी घाईघाईने फोन काढला, पदर सावरला आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मीच काहीतरी मोठा घोळ करून ठेवला होता. मग माझ्या कानाशी वाकल्या, आणि आपण कुजबुजतोय अशा समजुतीने, साऱ्या लाइनीला ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"आगं, जरा हळू वाजवावं. मानसं निजल्याली असत्यात."